द्वारकामावशीचा मुद्दा

आमची द्वारकामावशी बसून बोलायची नाही. बोलायचं असलं की उठून उभी राहायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "माझा एक मुद्दा हाय." मग तो घनसावंगीचा आठवडी बाजार असो की माझ्या लग्नाची बैठक. बाजारात वांगी हातात घेऊन ती वांगेवाल्याला सुनवायची, "किडकी हायत. नामंजूर!" माझ्या लग्नाच्या बैठकीत दोन्हीकडची माणसं मानपानावरून हातघाईवर आली, तेव्हा ती उभी राहिली. "हा इषय पुढच्या सभेत घ्या. आधी जेवनं उरका." लोक हसले, जेवले, आणि मानपान विसरले.

ही सवय तिला जिल्हा परिषदेनं लावली.

बायकांसाठी जागा राखीव व्हायला लागल्या, तेव्हा नेमका आमच्या काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, गट राखीव निघाला. काकांनी त्या जागेसाठी किती लग्नांत अक्षता टाकल्या होत्या आणि किती मयतींना खांदा दिला होता! "जागा घरातच राहू द्या," असं कार्यकर्ते म्हणाले आणि मावशीचं नाव लागलं. ती तेव्हा रानात कापूस वेचत होती. प्रचाराच्या फलकावर काकांचा फोटो हातभर, तिचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. निवडून मात्र तीच आली.

जालन्याच्या पहिल्या सभेला काका सोबत गेले आणि मागच्या खुर्चीवर बसले. "मी खोकलो की हात वर करायचा. बाकी बिलकुल बोलायचं न्हाई," असं तिला बजावलेलं. पण त्या दिवशी काकांना खरंच पडसं झालं होतं. मावशीचा हात ठरावाच्या बाजूनं वर गेला, विरोधातही गेला. एका जुन्या सदस्याला श्रद्धांजली वाहताना सगळे माना खाली घालून उभे होते, तेव्हाही तिचा एकटीचा हात वरच होता.

सभेनंतर दोघं जुन्या जालन्यात आमच्याकडे जेवायला आले. काका कपाळ धरून बसलेले. मावशी भाकरी मोडत म्हणाली, "तुमच्या खोकल्यावर भरवसा न्हाई. पुढल्या टायमाला मीच ऐकते, काय चालून राह्यलं ते."

आणि ती खरोखरच ऐकायला लागली. मग बोलायलाही. तिच्या गावच्या पोरी सातवीनंतर शाळा सोडायच्या, कारण शाळेत संडास नव्हता. "भिंतीला रंग देता, फाटकाला कमान करता. पोरींनी जायचं कुठं?" तिनं भर सभेत विचारलं. सभागृह हसलं. निधी नाही, असं शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले.

"मंग साहेब, तुमच्या हापिसातल्या संडासाला कुलूप लावते. निधी बराबर निघतो का न्हाई, बघू."

पुढच्या प्रत्येक सभेत तिचा हाच प्रश्न. साहेब तिला जिन्यात पाहून मागे वळायला लागले. शेवटी संडास झाला. काकांनी त्यावर आपल्या नावाची पाटी लावली, ती वेगळी गोष्ट.

मुदत संपली, राखीव जागा दुसऱ्या गटात गेली आणि आमचा गट सगळ्यांना खुला झाला. मावशीनं मात्र पुढचं ठरवून ठेवलं होतं. "आता पोरींचं वसतिगृह मागायचं, घनसावंगीत," ती मला म्हणाली होती. मावशीच्या घरी कार्यकर्त्यांची बैठक बसली, तेव्हा मी तिथंच होतो. मावशी चहाचा ट्रे घेऊन आली. तोवर काकांचं नाव पक्कं होऊन हारही घालून झाला होता. ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली.

"काय गं?" काका म्हणाले.

"काई न्हाई. चहा घ्या."

नंतर तिनं गावोगाव फिरून काकांचा प्रचार केला. बायका विचारायच्या, "आक्का, तुमी का न्हाई?" ती हसून पुढच्या दाराशी जायची. काका निवडून आले. सत्कार भरपूर घेतले, सभेत तोंड उघडलं नाही. वसतिगृह झालं नाही ते नाहीच. आणि उभं राहून मुद्दा मांडणारी मावशीही मला पुन्हा दिसली नाही.

पुढं काकांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मी भेटायला गेलो, तेव्हा मावशी त्यांच्या खाटेपाशी बसून विचारत होती, "मेथी करू का दोडकं?" काका नुसते बघत होते. ती थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी त्यांच्या पापण्या हलल्या. "मेथी ना? बरं," म्हणत ती उठली.

मी चुलीपाशी गेलो. म्हटलं, "मावशी, एवढं काय विचारत बसतेस? तूच ठरव की."

"न्हाई बाबा. घरातल्या मान्साला इचारावं." ती मेथी निवडत राहिली. मग खाटेकडे एकदा बघून आवाज खाली आणत म्हणाली, "त्या टायमाला मी न्हाईच म्हन्ले असते रे. तुमीच उभे राहा, असंच म्हन्ले असते. पर एकदा इचारायला पायजे होतं."