सरकटे सरांची तालीम

आमच्या ऑफिसातल्या सरकटे सरांच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. महिन्यातून एका रविवारी मला बुलढाण्याहून देऊळघाटला जाऊन त्या किल्लीने त्यांचं दार उघडून दाखवावं लागायचं. सर आतच असायचे, खुर्चीत बसून. चहा झाकून ठेवलेला असायचा.

"सर, तुम्ही घरात असताना हे कशाला?"

"किल्ली हाय म्हनू नको बाप्पा. उघडून दाखव."

हाच न्याय ते सगळ्यांना लावायचे. एकदा आम्ही ऑफिसातले पाच जण जीपने हिवरा आश्रमला निघालो होतो. वाटेत सरांनी भर उन्हात गाडी थांबवली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि धडधाकट चाक काढून स्टेपनी लावायला घेतली. "स्टेपनी हाय म्हनू नको, लावून दाखव!" स्टेपनीत हवाच नव्हती. सरांना इतका आनंद झालेला मी क्वचितच पाहिला. आमची मात्र जेवणाची पंगत हुकली.

आमचं ऑफिस बुलढाण्यात, एका साडीच्या दुकानाच्या माडीवर. दुसऱ्यांचे डेटाबेस सांभाळणं हा आमचा धंदा. त्यातले काही असे असतात की सगळी माहिती डिस्कवर न ठेवता मेमरीत ठेवतात. काम झटपट होतं, पण मशीन बंद पडलं की पाटी कोरी. अशी पाच-सहा मशीनं कुठेतरी दूर क्लाउडवर मिळून काम करतात, माहिती त्यांच्यात वाटलेली असते. त्याला क्लस्टर म्हणायचं. त्याचा ठरावीक वेळाने बॅकअप घ्यायचा, आणि नव्या क्लस्टरवर मुक्काम हलवायचा असेल तर त्याच बॅकअपमधून सगळं तिकडे उठवायचं. लोक बॅकअप घेऊन निवांत होतात. सर मात्र त्याची तालीम घ्यायचे. आधी एका रिकाम्या क्लस्टरवर तो उठवायचा, मग यादी लावून एकेक नग ताडून बघायचा. पुण्याच्या गिऱ्हाइकांबरोबर कॉल असला की विचारायचे, "बॅकप घेऊन राह्यले ते ठीक हाय. तो उठते काय, हे कोनी पाह्यलं काय?" तिकडून हसू दाबल्याचा आवाज यायचा.

गेल्या वर्षी एका वधू-वर सूचक मंडळाचं काम आमच्याकडे आलं. सभासद एकमेकांना निरोप पाठवायचे आणि उघडेपर्यंत ते मेमरीत पडून राहायचे. क्लस्टर हलवायचा नेमका त्याच आठवड्यात सरांच्या भाचीचं लग्न निघालं, मोताळ्याला. जाताना त्यांनी बजावलं, "तालीम घेजो." दुसऱ्या दिवशी मी फोनवर सांगितलं, "झाली सर." झाली नव्हती. पडद्यावर बॅकअप झाल्याची हिरवी खूण दिसत होती आणि मला कंटाळा आला होता. याहून बरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. तिकडे बँड वाजत होता. सर "बरं" म्हणाले. दाखव म्हणाले नाहीत.

सहापैकी एका मशीनचा बॅकअप रिकामा निघाला. ते कळेपर्यंत मी जुना क्लस्टर पुसून टाकला होता. त्या मशीनवरचे न उघडलेले सगळे निरोप गेले. सरांनी मंडळाला पत्र लिहिलं, 'चूक माझी' असं, आणि खाली स्वतःची सही केली. मला एवढंच म्हणाले, "तुले अजून लय नोकरी करायची हाय. माह्यं काय?"

हलवण्याआधी काढलेली यादी माझ्याकडे होती. कोणाचा निरोप, कोणाला, साइज किती, मजकूर नाही. कोणाकोणाचं काय गेलं ते बघता बघता मी एका ओळीवर थांबलो. मेहकरच्या एका बाईंकडून, सरकटे सरांना. निरोप एक. सत्तेचाळीस वर्षांच्या सरांनी मंडळात नाव घातलंय हे मला तेव्हा कळलं. फोटोत चष्मा ठेवू का काढू, असं त्यांनी मध्यंतरी विचारलं होतं. मला वाटलं होतं, आधार कार्डासाठी असेल.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण ज्या माणसाने माझी चूक अंगावर घेतली, त्याला त्या चुकीने काय गेलं ते सांगायचं मला धाडस झालं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं चाललं. महिनाभराने डबा खाता खाता सर आपणहूनच म्हणाले, "एका बाईले विचारलं होतं बे. उत्तर नाही आलं. तिलेबी कामं असतीन."

"मग पुन्हा विचारा की, सर! निरोप पुसले गेले होते ना तेव्हा."

"नाही बाप्पा. दोनदा विचारलं तं बाईले वाटते, मांगं लागला."

तेव्हाही मी यादीतली ती ओळ सांगितली नाही. स्वतःची लाज वाटते.

शेवटी पाच महिन्यांनी, एका दुपारी ऑफिसात दोघंच असताना, मी सगळं सांगून टाकलं. तालीम घेतली नव्हती तेही, यादीतली ती ओळही. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांनी विचारलं, "साइज किती होती?"

"चार केबी."

त्यांनी कागद ओढला. मराठीचं एक अक्षर म्हणजे तीन बाइट, काना-मात्रा वेगळ्या, असं पुटपुटत हिशोब मांडला, दोनदा तपासला. "म्हंजे दीड पान," ते म्हणाले. मग, "नाही म्हनासाठी कोनी दीड पान लिहीत नाही बे."

आणि त्यांनी मंडळाची साइट उघडली. पुन्हा विचारायला निघाले होते ते. मी बघत होतो. बाईंचं पान बंद होतं. 'विवाह ठरल्यामुळे', असं लिहिलेलं, दोन महिन्यांपूर्वीची तारीख. पाचातून दोन गेले की तीन उरतात. ते तीन महिने माझ्या हातात होते.

सरांनी हिशोबाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "त्या मानसानं तिचं लिहिलेलं वाचलं तरी."