भिकूदादांची वीस मिनिटं

काचेच्या नळीतलं अर्धा चमचा रक्त तान्ह्या पोरासारखं जपणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमचे वॉर्डबॉय भिकूदादा. नळी खिडकीत उभी केली की ते स्टूल घेऊन समोर बसत आणि कुणी जवळ फिरकलं की खेकसत, "हलवू नको मेल्या! रगत इचार करतंय!"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत मी तेव्हा अपघात विभागात केसपेपर लिहीत असे. आमच्याकडे कातळावर गवत कापताना, गडग्याच्या दगडी कुंपणाचे दगड हलवताना फुरसं चावायचंच; साप हातभर, पण जहाल. नव्या डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा मासिकात वाचून एक पद्धत सुरू केली. चावलेल्या माणसाचं ताजं रक्त कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच तिरकी करायची. गोठलं तर सध्या धोका नाही. वाहिलं तर विष भिनलंय, लगेच सापाचं इंजेक्शन.

बाईंनी सगळ्यांना शिकवलं. आम्ही माना डोलावल्या, दादांनी मात्र व्रत घेतलं. नळ्या तेच धुवायचे, साध्या पाण्याने. एकदा नव्या सिस्टरने हौसेने धुण्याच्या पावडरीने नळी धुतली आणि ठणठणीत माणसाचं रक्तही गोठेना. इंजेक्शन भरून तयार होतं. दादांनी नळी हुंगली आणि ओरडले, "अगो, ह्याला फुरसं नाय चावलं, तुझी पावडर चावली!" सिस्टर बिचारी आठवडाभर त्यांच्यासमोर येईना.

पुढे त्यांना वीस मिनिटांचं वेडच लागलं. चहा वीस मिनिटं उकळायचा. वॉर्डातल्या दोन आयाबाया भांडू लागल्या की, "वीस मिनटां थांबा, मग भांडा." तोवर दोघी भांडणाचं कारण विसरत.

नळीकडे डोळे लावून ते पेशंटला बोलतं ठेवत. म्हैस किती दूध देते, पोरगा मुंबईला कुठल्या गिरणीत, सून नांदते की नाही. घाबरलेला माणूस सुनेची गाऱ्हाणी सांगण्यात रमून जाई. चिपळूणपासून नाटे गावापर्यंत किती घरांतली लग्नं, बारशी दादांना तोंडपाठ होती. सुट्टीच्या दिवशीही ते कामावर येत. आम्हाला वाटे, हौस आहे म्हाताऱ्याला.

एका रविवारी दुपारी मात्र ते रिक्षातून उतरले ते सुजलेला हात छातीशी धरून. दुसऱ्या हातात डालड्याचा डबा, त्यात मेलेलं फुरसं. घरामागच्या परड्यातला गडगा नीट करताना चावलं होतं. सिस्टरने रक्त घेतलं, नळी खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या पेशंटकडे धावली. स्टूल रिकामं होतं. मीच जाऊन बसलो.

त्यांच्यासारखंच त्यांना बोलतं ठेवावं म्हणून मी घरच्यांची चौकशी करायला गेलो. पण कुणाचं नाव घेऊन विचारणार? सात वर्षं शेजारी काम करून त्यांच्या घरी कोण असतं हे मला ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली.

वीस मिनिटांनी बाईंनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. दादांनी डोळे मिटले.

इंजेक्शन वेळेत लागलं. सांजेला त्यांना जरा हुशारी आली, तेव्हा मी केसपेपर पुरा करायला घेतला. "दादा, जवळचा नातेवाईक कोण लिहू?"

"कोन नाय रे. ऱ्हाऊ दे तो रकाना."

रकाना मोकळा ठेवायला माझा हात धजेना. मी माझं नाव लिहिलं आणि नात्यापुढे 'शेजारी' लिहिलं. त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला.

"शेजारी कशाला लिवलास?" ते हळूच म्हणाले. "शेजारी दिवा लावायच्या टायमाला आपल्या घरी जातो. भाऊ लिव."

मी 'शेजारी' खोडून 'भाऊ' लिहिलं. मग रिक्षावाल्याकडून घरी निरोप धाडला, की आज माझी वाट पाहू नका.