तीन पुकारे आणि तिसरा बाक

न्यायालयात असणे आणि न्यायालयात हजर असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिलीला बाक पुरतो, दुसरीला वकील लागतो. माझ्याकडे बाक होता.

प्रकरण साधे होते. पुस्तकांच्या चार कपाटांसाठी मी एका वित्तसंस्थेचे कर्ज काढले आणि ते वेळेवर फेडले. मी ते फेडलेच नाही म्हणून संस्थेने दावा लावला. (सगळ्या पावत्या जवळ असूनही दाव्याची भाषा इतकी ठाम होती, की दोन दिवस मलाच शंका येत राहिली.) मेहुण्याने एक वकील सुचवले. त्यांनी पावत्या ठेवून घेतल्या, वकीलपत्रावर माझी सही घेतली आणि एकच सल्ला दिला, "काका, कोर्टात तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी आहे ना."

इतका सोपा सल्ला मला आयुष्यात कोणी दिला नव्हता.

पाच तारखांना मी तिसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाला पुस्तक उघडून बसलो. वकीलसाहेब त्यांपैकी शून्य तारखांना आले. (दुसऱ्या तारखेला त्यांचा कारकून दारातून डोकावून गेला होता, तेव्हा अगदी शून्य म्हणणे कदाचित अन्यायाचे होईल.) पाचव्या तारखेला शिपायाने नियमानुसार माझ्या नावाचा तीनदा पुकारा केला. तिसरा तर माझ्या बाकाला खेटून. आवाज खणखणीत होता. मी मनातल्या मनात त्याला दाद दिली, वकीलसाहेब उत्तर देतील म्हणून दाराकडे पाहिले आणि पान उलटले. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिले. नवी तारीख असावी, असे मला वाटले.

तो मी गैरहजर म्हणून माझ्याविरुद्ध झालेला एकतर्फी हुकूमनामा होता. हे कळले बेलीफ घरी आला तेव्हा. माणूस सभ्य होता. चपला बाहेर काढून त्याने जप्तीची यादी केली: कपाटे चार, आतील पुस्तकांसह. पंधरा दिवसांनी टेम्पो आणतो, तोवर काही हलवू नका, म्हणाला. मी वकीलसाहेबांना फोन केला. ते माझ्यावरच नाराज झाले. एवढी वर्षे पुस्तके वाचून साधी मुदत मागता येत नाही, याचे त्यांना वाईट वाटले. पावत्या ते परत देणार होते, पण पाच तारखांची हजेरी फी चुकती केल्यावर. मी ती चुकती केली.

नव्या वकीलबाईंनी कायदा समजावला. गैरहजेरीला सबळ कारण असेल तर हुकूमनामा रद्द होतो.

"आजारी होता का?"

"नाही. तिथेच होतो."

बाईंनी पेन खाली ठेवले. आजार, अपघात, नोटीस न मिळणे या सगळ्यांची कायद्यात सोय आहे. हजर राहून गैरहजर राहणाऱ्याची नाही. वकिलाच्या चुकीबद्दल मात्र दोन पक्की तत्त्वे आहेत. एक, तिची शिक्षा पक्षकाराला होऊ नये. दोन, पक्षकाराने वकिलावर विसंबून झोपू नये. ज्या दिवशी न्यायालयाच्या जे हाताला लागेल ते लागू.

तेव्हा शेजारी बसलेली आमची ही प्रथमच बोलली. "अहो बाई, चाळीस वर्षं मी हाका मारतेय. माझ्या हाकेला कधी उठले नाहीत, ते शिपायाच्या काय उठणार?"

बाईंनी पेन पुन्हा उचलले आणि प्रतिज्ञापत्र लिहायला घेतले. त्यात तोंड न उघडण्याचा सल्ला आला, शिवाय असे नमूद झाले की, शेजारी आग लागली असता अर्जदारास सहा हाका मारण्यात आल्या, परिणाम शून्य. आणि मुलीच्या लग्नात कुटुंबाच्या फोटोसाठी चार. (फोटो सोबत जोडला आहे. अर्जदार त्यात नाही.)

न्यायाधीशांनी फोटो निरखून पाहिला, मग मला. "उभं राहायला तोंड कुठे उघडावं लागतं हो?"

मी बाईंकडे पाहिले. बोला, असे त्यांनी सांगितले नव्हते. मी गप्प राहिलो. बहुधा तोच निर्णायक पुरावा ठरला. हुकूमनामा रद्द झाला, पुढे पावत्या पाहून दावाही निकालात निघाला. कपाटे जागच्या जागी आहेत.

हिने मात्र तेव्हापासून हाक मारणे सोडले आहे. कोर्टात शाबीत झालेल्या गोष्टीवर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही, म्हणते.

आपल्याला हसू आले असेल. पण आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, त्या अर्थी मधल्या वेळात आतल्या खोलीतून आपल्या नावाचे निदान तीन पुकारे झाले असणार. आपली नोंद झालेली आहे.