अर्जदार क्रमांक दोनचा चेहरा

चाळीस वर्षांत आपल्या स्टुडिओतून गेलेला एकही फोटो कुठल्या कचेरीनं परत पाठवला नाही, हे फोटोवाले छातीवर हात ठेवून सांगत. हात हल्ली मोकळाच असे, कारण मोबाइल आल्यापासून गिऱ्हाईक आटलं होतं.

त्यामुळे लेकीच्या लग्नाच्या अर्जावरचा जोडप्याचा फोटो परत आला, तेव्हा त्यांनी सरळ होणाऱ्या जावयावर संशय घेतला. शेरा होता: 'अर्जदार क्रमांक दोनचा चेहरा दिसत नाही.'

अर्जदार क्रमांक दोन लिफ्ट दुरुस्त करायचा. घराणं दुसऱ्याच खंडातलं, उंची सहा फूट तीन इंच आणि रंग असा काळाभोर, की लग्नाच्या जाहिरातींतले सावळा, निमगोरा वगैरे शब्द त्याच्यापुढे गप्प बसत. लेकीकडून दोन वर्षांत तो भाषा शिकला होता आणि काचेची बरणी उचलावी तशी ती जपून वापरायचा. इतका सभ्य माणूस फोटोवाल्यांनी कधी पाहिला नव्हता. संशयाचं पहिलं कारण तेच.

"हलला असणार," ते बायकोला म्हणाले.

"हलला असता तर पुसट आला असता. हा तर आलाच नाहीये."

"तेच म्हणतोय मी. चेहरा लपवणाऱ्याला आणखीही काही लपवायचं असतं."

"अहो, दर रविवारी तो आपल्या टेबलाशी बसून जेवतो. चेहऱ्यासकट."

दुसऱ्या फोटोच्या वेळी फोटोवाल्यांनी पाळत ठेवली. तो पुतळ्यासारखा बसला. इतकं स्थिर बसणं सरळ माणसाला जमत नाही, अशी त्यांनी मनात नोंद केली. तोही फोटो परत आला. शेऱ्यात या वेळी एक वाक्य जादा होतं: 'पुन्हा असाच आल्यास अर्ज रद्द, नवा नंबर सहा महिन्यांनी.'

लेक स्टुडिओत आली ती त्याला हाताला धरूनच. मागून आई.

"बाबा, मी कधीच दुसरीकडे काढून घेतला असता. पण फोटो तुमच्याच हातचा हवा, साक्षीदार म्हणून सहीही तुमचीच हवी, असं हाच धरून बसलाय."

"का बरं?" फोटोवाल्यांनी डोळे बारीक केले.

"म्हणतो, फोटो काढताना तरी बाबा माझ्याकडे बघतील."

फोटोवाले कॅमेऱ्याची काच पुसू लागले. ती स्वच्छ होती.

"स्क्रीनवर तुम्हाला दिसलं नाही का, माझ्या शेजारी नुसता अंधार आलाय ते?"

"दिसलं."

"मग?"

"मला वाटलं, तसाच असेल."

पहिला हसला तो अर्जदार क्रमांक दोन. फोटोवाल्यांना तेही खटकलं.

"प्रकाशाचं मीटर कुणाच्या चेहऱ्यावर धरलंत?" लेकीनं विचारलं.

"धरायचं कशाला? चाळीस वर्षं कॅमेऱ्यावर एकच आकडा चालतोय."

"चाळीस वर्षं आपलेच लोक येत होते, बाबा."

मीटर खणातून निघालं. ते त्याच्या गालाशी धरायचं म्हणजे फोटोवाल्यांना स्टुलावर चढावं लागलं. त्याला त्यांनी आजवर इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. दाढी करताना हनुवटीला कापलेलं होतं. कपाळावर घामाचे थेंब होते.

"काका, मी हललो नव्हतो," तो हळूच म्हणाला. "भीतीनं हलताच येत नव्हतं."

फोटोवाल्यांनी आकडा बदलला. अर्जदार क्रमांक दोन लख्ख उमटला आणि लेक पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसू लागली.

"बघा," फोटोवाले जरा जास्तच आनंदानं म्हणाले, "दोघं एका फोटोत बसतच नाहीत. हे मी नाही म्हणत, शास्त्र म्हणतंय."

बायकोनं दिवा उचलला आणि दोन पावलं त्याच्या बाजूला नेऊन ठेवला. "आता काढा," ती म्हणाली.

फोटो असा आला, की कचेरीतल्या कारकुनानं तो बाजूच्या टेबलावर नेऊन दाखवला. फोटोवाल्यांची छाती पूर्ववत झाली. त्यांनी साक्षीदाराचा फॉर्म पुढे केला. त्यावरचा फोटोही अर्थात त्यांनीच काढलेला.

कारकुनानं फोटो पाहिला. फोटोवाल्यांना पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

"हे कोण?"

"मीच."

"हे बरेच गोरे आहेत."

तो काढताना तोंडासमोर दोन दिवे लावले होते आणि नंतर कॉम्प्युटरवर जरासा हात फिरवला होता, हे लेकीसमोर, बायकोसमोर आणि विशेषतः अर्जदार क्रमांक दोनसमोर कसं सांगायचं? फोटोवाले खोकले.

"ओळख पटवणारं कुणी आहे?" कारकुनाचा आवाज कडक झाला.

"मी ओळखतो यांना," अर्जदार क्रमांक दोन पुढे झाला.

"तुम्ही यांचे कोण?"

तो थांबला. त्यानं फोटोवाल्यांकडे पाहिलं. हा शब्द त्याला येत होता, पण तो उचलण्याची परवानगी नव्हती.

"जावई आहे माझा," फोटोवाले म्हणाले. बायकोनं चमकून पाहिलं.

"लग्नाआधीच?" कारकून म्हणाला. "साक्षीदार पटल्याशिवाय लग्न नाही, आणि लग्न झाल्याशिवाय जावई नाही. कोपऱ्यावर दुकान आहे, ताजा फोटो आणा. तो काढतो नीट."

जावई सोबत गेला. दुकानातल्या पोरगेल्या फोटोग्राफरनं स्टुलाकडे बोट दाखवलं. "काका, हलू नका."

फोटो हुबेहूब आला. लग्न लागलं. त्या फोटोच्या उरलेल्या सात प्रती फोटोवाल्यांनी कुठे ठेवल्यात, ते बायकोला अजून सापडलेलं नाही.