जिनिंगवरचं गिधाड

गुणवंतराव बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याचा धागा ओढून बघत. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेलेली. चिमूटभर रुई अंगठ्यांत ताणायची आणि निकाल द्यायचा. पुढे कापसाचा धंदा बसला, जिनिंगला कुलूप लागलं, हे तिथले राखणदार झाले. निकाल मात्र चालूच. आमचे जावई "आखूड धाग्याचे". नवे तहसीलदार "वजनासाठी पाणी मारलेले". मी मूळचा वर्ध्याचा, म्हणून सोळा वर्षं शेजारी राहूनही "हा इकडचा माल नोहे!"

त्या हिवाळ्यात जिनिंगच्या टिनावर एक भलंमोठं काळं गिधाड येऊन बसलं. आपल्याकडची गिधाडं केव्हाच दिसेनाशी झाली होती. गुणवंतरावांनी पक्ष्यांचं जुनं पुस्तक काढलं, चारदा चष्मा पुसला.

"हिमालयाकडचं हाय बाप्पा! लंब्या धाग्याचं! वाट चुकून आलं."

मोहल्ल्याला त्याचं काय कौतुक? गावोगाव कर्जापायी शेतकरी जीव देत होते, त्यात डोक्यावर गिधाड. लोक फटाक्यांच्या लडी घेऊन गेले. त्यांत मीही होतो, सांगून टाकतो.

गुणवंतराव फाटकात आडवे आले. "कायले हाकलून राह्यले? दम खाऊ द्या त्याले. पाच दिवस द्या मले!" त्यांनी चक्क हात जोडले. आम्ही परतलो.

पाच दिवस कशाला, ते मला भिंतीपलीकडून कळलं. त्यांची धाकटी बहीण शेवंता त्यांच्याकडे राहायची. नवरा गेल्यावर सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून घालवून दिलेली. वर्षभर तिने उंबरा ओलांडला नव्हता. नुकत्याच झालेल्या संक्रांतीला आमच्या घरी सगळ्या बाया आल्या, फक्त तिला बोलावणं गेलं नाही.

"चाल नं वं शेवंते, एक डाव पाय त्याले. असं पाखरू पुन्हा येत नसते," गुणवंतराव रोज विनवायचे.

"नाई दादा. लोकं पायतीन."

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही लडी घेऊन पुन्हा फाटकाशी गेलो, तर ती दोघं समोरून येत होती. तिने डोक्यावर पदर घेतला होता आणि दादाचं मनगट घट्ट धरलं होतं. तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्यानं तुमचं काय वाकडं केलं, भाऊ?"

मला तिच्याकडे बघवेना. लड खिशात कोंबून मी मान खाली घातली. गुणवंतराव भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडत होते. वर्षभरात ती बाहेरच्या माणसाशी पहिल्यांदाच बोलली होती.