पोटात शिरलेली हवा

"मी सर्जन नंतर, हेर आधी! गुन्हेगार पोटात कुठेही दडो, माझ्या नजरेतून सुटत नाही," वॉर्डात पाऊल टाकताच हेर-डॉक्टरांनी जाहीर केलं. अकरा वर्षं हेच वाक्य ऐकून सिस्टरला ते पाठ झालं होतं. डॉक्टर बोलत असताना तिचे ओठ सोबत हलत.

आजचा पेशंट म्हणजे एक म्हातारा शिंपी, जुना दमेकरी. त्याच्या एक्स-रेत पोटात मोकळी हवा दिसली होती. अशी हवा दिसली, की आतड्याला भोक पडलं असं धरून सर्जन सुरी काढतात.

"शिंपी! म्हणजे टाचणी गिळली!"

"टाचणी फोटोत दिसली असती, सर."

"मग बटण."

"बटणानं भोक पडतं?"

"धारदार बटण!"

सिस्टर वैतागली. "अहो, पोट मऊ आहे, ताप नाही, सकाळपासून जेवण मागतोय हा."

"नाटक! पक्का गुन्हेगार भुकेचं सोंग घेतो. बारा वाजता ऑपरेशन."

असल्या फुप्फुसांना भूल दिली तर म्हातारा टेबलावरून परत उठेल, याची सिस्टरला मुळीच खात्री नव्हती.

"सर, छातीचा भाग पाहिलात?" डॉक्टरांनी सवयीप्रमाणे एक्स-रेचा वरचा अर्धा भाग केसपेपरनं झाकला होता.

"छाती दुसऱ्या विभागाची हद्द. तिथे मी नाक खुपसत नाही."

तेवढ्यात नवऱ्याच्या मानेला बाम चोळणारी शिंपीणबाई म्हणाली, "सिस्टर, जरा बघता का? पहाटे खोकल्याची मोठी उबळ आली ना, तेव्हापासून यांच्या मानेत काहीतरी कुरकुरतंय."

सिस्टरनं बोटानं मान दाबून पाहिली. कातडीखाली खरंच हवा कुरकुरली. आता मानेत काही आतडं नसतं! तिनं सरळ केसपेपर ओढून काढला. फुप्फुसांजवळून हवेची काळी रेघ थेट मानेपर्यंत गेली होती.

तातडीनं स्कॅन झाला. आतडी ठणठणीत. खोकून खोकून फुप्फुसातली हवेची पिशवी फुटली होती. तिथून निसटलेली हवा थोडी मानेत चढली, थोडी पोटात उतरली. ऑपरेशन रद्द झालं. ऑक्सिजन, दम्याचं औषध आणि नीट लक्ष, बस्स!

शिंपीणबाई पदरानं डोळे पुसत हसली.

"मला संशय होताच," डॉक्टर म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"मान माझ्या हद्दीत येत नाही."

शिंप्यानं नाकावरचा मास्क जरा बाजूला केला. "डॉक्टरसाहेब, जेवणाचं ताट कुणाच्या हद्दीत येतं, तेवढा शोध लावा. सकाळपासून उपाशी आहे मी."