सदुकाकांची डबी

आमच्या मदन महाल मोहल्ल्यातले, शेजारच्या घरातले सदुकाका प्रवासाला निघाले की आधी त्यांच्या गळ्याकडे लक्ष जातं. गळ्यात कापडी पिशवी अन् पिशवीत नेटची डबी. तिच्यात सिमकार्ड घातलं की आजूबाजूच्या दहा फोनना इंटरनेट मिळतं. काका चष्मा विसरतील, औषधं विसरतील, पण डबी विसरतील तर शपथ. बरगीला नुसतं धरण पाहायला गेलो तरी सोबत डबी, तिची वायर अन् पॉवर बँक.

काका रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यामुळे कुठलंही यंत्र समजावून सांगणं हा त्यांचा हक्कच. "डबीत नेट नसते, बाप्पा," ते गाडीतल्या अनोळखी माणसालाही सांगतात. "ते टॉवरकडून घेते अन् आपल्याले वाढते. टॉवरनंच वाढलं नाही तर ते काय करीन?" म्हणून डबी खिडकीपाशी टांगायची, महत्त्वाचं काम जंगल लागायच्या आत उरकायचं अन् सिनेमे कोणी लावायचे नाहीत. एवढं मुकाट्यानं ऐकून घेतलं की नेट कोणालाही फुकट. भानगड एकच, पासवर्डची.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लग्नासाठी नागपूरला निघालो होतो. समोरच्या बाकावर एक हिंदी बोलणारी मुलगी होती. थोड्याच वेळात फोनवर तिचा नोकरीचा इंटरव्ह्यू होता अन् तिच्या सिमला रेंजच नव्हती. बिचारी रडकुंडीला आली. काकांच्या डबीत दुसऱ्या कंपनीचं सिम. त्यांनी मोठ्या थाटात डबी खिडकीला टांगली. मुलीनं पासवर्ड विचारला.

"जेवलात का," काका म्हणाले.

"जी अंकल, खा लिया. पासवर्ड?"

"वही तो बता रहा हूँ. जेवलात का."

तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तिनं आवाज चढवून पराठे खाल्ल्याचं सांगितलं. इकडे इंटरव्ह्यूची वेळ टळायला आली. शेवटी मीच तिचा फोन घेतला अन् 'जेवलात का'ची इंग्रजीतली आठ अक्षरं टाकून दिली. तरी काकांचं समाधान होईना. एकदा म्हणून दाखव, म्हणाले, म्हणजे डोक्यात राहतं.

"जेवलात का?" ती चाचरत म्हणाली.

"हो, जेवलो," काका म्हणाले, अन् मगच तिला सोडलं.

इंटरव्ह्यू छान झाला, अन् तोही जंगल लागायच्या आत. मुलगी खूश होऊन आईला फोन लावत बसली. माझं डोकं मात्र तापलं होतं. असल्या पासवर्डपायी पोरीची नोकरी हातची गेली असती की! मी काकांना म्हटलं, हे बदलून टाका, सरळ आठ आकडे ठेवा, द्या इकडे, आत्ता करून देतो. एरवी सेटिंग म्हटलं की काका एका पायावर तयार. त्या दिवशी त्यांनी डबीवर हात ठेवला.

"काहून बदलू?" ते म्हणाले. "मी फॅक्टरीत असताना तुझी काकू रोज दुपारी सेक्शनच्या फोनवर एवढंच विचारे. ते गेली. पोरगा फोन करते, 'पापा, सब ठीक?' म्हणते. आता मले हे कोणी विचारत नाही रे. डबीच्या निमित्तानं चार लोक तरी विचारतात."

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. नागपूर येईपर्यंत काका शेजारच्या बाकावरच्या माणसाला टॉवर समजावून सांगत राहिले.

आता रोज दुपारी मी गॅलरीत जाऊन काकांना हाक मारतो अन् पासवर्ड विचारतो. तो माझ्या फोनमध्ये कधीचाच सेव्ह आहे. काकांना ते पक्कं माहीत आहे, सेटिंग त्यांनीच केलंय. तरी ते हात पुसत बाहेर येतात अन् म्हणतात, तूच सांग, आठवते का पाहू.

"जेवलात का?"

"हो, जेवलो," काका म्हणतात. "अन् तू?"